मोतीबिंदू ‘पिकण्या’आधी

आपल्याकडे मोतीबिंदू ‘पिकतो’. घरातल्या आजोबांना दिसेनासे झाले की कोणीतरी जाणकार सांगतो, “अजून कच्चा आहे, पिकू द्या, मग ऑपरेशन करा.” हा सल्ला एके काळी शहाणपणाचा होता. तेव्हा शस्त्रक्रियेत डोळ्यातले सगळे भिंग त्याच्या पिशवीसकट काढून टाकीत आणि नंतर रुग्णाला जाड भिंगांचा चष्मा लावावा लागे. अशा वेळी उरलीसुरली नजर पुरते तोवर थांबणेच बरे असे. १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी काढलेल्या भिंगाच्या जागी प्रथमच कृत्रिम भिंग बसवले. पुढे छेद लहान होत गेला आणि तंत्र सुधारले. आज मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. उलट फार पिकलेले भिंग कठीण होते, ते काढणे अवघड जाते आणि क्वचित त्यामुळे डोळ्यातला दाबही वाढतो.

पण ‘पिकणे’ हा शब्द आपल्यापुढे एक चांगला शास्त्रीय प्रश्न ठेवतो. पिकणे ही हळूहळू होणारी क्रिया आहे. मग तिची सुरुवात नेमकी कधी होते? भिंग वरून स्वच्छ दिसत असताना आत काही बिघडू लागले आहे हे ओळखता येईल का? डोळ्याला सुई न टोचता, भिंगाचा कणही बाहेर न काढता, केवळ प्रकाशाच्या साहाय्याने? या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर भौतिकशास्त्रात सापडते. त्याची ओळख आपण या लेखात करून घेऊ.

भिंग पारदर्शक कसे?

डोळ्यातले भिंग मोठ्या माणसात साधारण ९ ते १० मिलिमीटर व्यासाचे आणि ४ ते ५ मिलिमीटर जाडीचे असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. लांबट तंतूंसारख्या पेशींचे थर एकावर एक चढत ते तयार होते. या पेशी पक्व होताना आपले केंद्रक आणि इतर अंगके टाकून देतात, कारण ती प्रकाशाच्या वाटेत आली असती. मात्र त्याची किंमतही मोजावी लागते. केंद्रक नाही म्हणजे नवी प्रथिने तयार करण्याची सोय नाही. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिने आपल्या जन्मापूर्वी तयार झालेली असतात आणि तीच आयुष्यभर पुरवावी लागतात. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या भिंगाच्या गाभ्यात ऐंशी वर्षांची जुनी प्रथिने असतात. शरीराच्या बहुतेक भागांत प्रथिने सतत मोडतात आणि नवी बनतात. भिंगाच्या गाभ्याला ही सवलत नाही.

भिंगाच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिनांचा असतो, उरलेले बहुतेक पाणी. या प्रथिनांना क्रिस्टलिन म्हणतात. आता एक विचार करून पाहा. दुधात प्रथिने अवघी तीन-साडेतीन टक्के असतात, तरी दूध पांढरे दिसते (त्यात स्निग्धाचाही वाटा आहेच). मग दुधाच्या दसपट प्रथिने असलेले भिंग काचेसारखे स्वच्छ कसे?

याचे पहिले कारण आकार. दुधातील प्रथिनांचे पुंजके १०० नॅनोमीटरच्या पुढचे आणि स्निग्धाचे गोळे त्याहूनही मोठे असतात. भिंगातले सर्वांत मोठे प्रथिन म्हणजे अल्फा क्रिस्टलिन. त्याचा व्यास मात्र सुमारे १५ नॅनोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या (४०० ते ७०० नॅनोमीटर) पंचविसाव्या भागाहूनही कमी. इतके लहान कण प्रकाश फारच थोडा विखुरतात.

दुसरे कारण अधिक मजेदार आहे. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज बेनेडेक यांनी १९७१ साली दाखवून दिले की नुसते कण असल्याने माध्यम गढूळ होत नाही. प्रकाशाच्या तरंगलांबीएवढ्या अंतरावर अपवर्तनांक जागोजागी कमीजास्त होत असेल तरच ते गढूळ होते. पाभरीने नीट पेरलेले ज्वारीचे शेत डोळ्यापुढे आणा. ताटे दाट असली तरी सगळीकडे सारखी दाट असतात, म्हणून शेत एकसारखे दिसते. तेच बी मूठमूठ फेकले तर इथे झुबका, तिथे मोकळी जमीन अशी अवस्था होते. भिंगातली प्रथिने इतकी दाटीने बसलेली असतात की त्यांच्यातली अंतरे जवळजवळ सारखी राहतात. प्रत्येक कण प्रकाश विखुरतोच, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विखुरलेले तरंग एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून काढतात. १९८३ साली फ्रान्समधील देलाय आणि तार्द्यू यांनी क्ष-किरण आणि प्रकाश वापरून क्रिस्टलिनच्या द्रावणात अशी जवळच्या अंतरापुरती शिस्त खरोखर असते हे दाखवले.

एक टक्का प्रथिने बिघडली तर?

अंडे उकडताना पारदर्शक बलक-भोवतालचा भाग पांढरा होतो. त्यात बाहेरून काही मिसळत नाही. उष्णतेने प्रथिनांची घडी उलगडते आणि ती एकमेकांत गुंतून मोठे पुंजके तयार होतात. मोतीबिंदूत भिंग उकडत नाही, परंतु वय, अतिनील किरण, मधुमेह, धूम्रपान, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे अशा कारणांनी प्रथिनांची हानी होत जाते आणि त्यांचे पुंजके बनू लागतात.

पुंजक्यांमुळे इतका फरक का पडतो हे साध्या हिशेबाने समजेल. तरंगलांबीहून लहान कणाने विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता त्याच्या वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा, १०,००० सारखे रेणू सुटे आहेत. प्रत्येकाचा वाटा १ धरला तर एकूण १०,०००. आता त्यांपैकी फक्त १०० रेणू एकत्र येऊन त्यांचा एक पुंजका झाला. सुट्या ९,९०० रेणूंचा वाटा ९,९००. पण त्या एका पुंजक्याचा वाटा १०० चा वर्ग, म्हणजे १०,०००! अवघ्या एक टक्का रेणूंनी विखुरणे जवळजवळ दुप्पट केले. शिवाय दाटीमुळे सुट्या रेणूंचे तरंग एकमेकांना खोडतात हे आपण पाहिले. त्यामुळे प्रत्यक्ष भिंगात पुंजक्याचे पारडे याहूनही जड ठरते.

यावर निसर्गाने एक उपाय करून ठेवला आहे. अल्फा क्रिस्टलिन हे केवळ भिंग भरून काढणारे प्रथिन नाही, हे १९९२ साली जोसेफ हॉरविट्झ यांनी दाखवले. घडी बिघडलेल्या दुसऱ्या प्रथिनाला ते चिकटते आणि त्याला इतरांत गुंतू देत नाही. लग्नघरात एखादा समंजस मामा जसा रागावलेल्या पाहुण्याला बाजूला घेऊन बसतो, तसाच हा प्रकार. पण मामांची संख्या मर्यादित आहे आणि गाभ्यात नवे मामा येत नाहीत. एकेक मामा एकेका पाहुण्यात अडकत गेला की मोकळे मामा कमी होतात. ते संपत आले की पुंजके वाढू लागतात. म्हणजे भिंगात मोकळे अल्फा क्रिस्टलिन किती उरले आहे हे समजले, तर भिंगाची गढुळतेला तोंड देण्याची ताकद किती उरली आहे याचा अंदाज येईल. पण हे मोजायचे कसे?

किती प्रकाश, की किती चंचल प्रकाश?

डोळ्यांचे डॉक्टर भिंग पाहण्यासाठी स्लिट लॅम्प वापरतात. स्वीडनच्या आल्व्हार गुलस्ट्रांड यांनी १९११ साली हे उपकरण मांडले. अरुंद फटीतून आलेला तेजस्वी प्रकाश भिंगावर तिरका पाडायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बाजूने पाहायचे, ही त्याची रीत. अंधाऱ्या खोलीत कवडशात धूळ दिसते, तसाच भिंगातला गढूळपणा त्यात दिसतो. डॉक्टर तो प्रमाण छायाचित्रांशी ताडून पाहतात आणि त्याला श्रेणी देतात. या पद्धतीत पाहणाऱ्याच्या नजरेवर थोडेफार अवलंबून राहावे लागते. थिओडोर शाइम्पफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने हवाई छायाचित्रांसाठी अभ्यासलेल्या तत्त्वावर चालणारे कॅमेरेही आहेत. भिंगाचा तिरका छेद पुढून मागेपर्यंत एकाच वेळी स्पष्ट टिपून ते गढूळपणा आकड्यांत सांगतात.

पण या साऱ्या उपकरणांचा प्रश्न एकच आहे: किती प्रकाश विखुरला? तो प्रकाश पुरेसा वाढला की मगच ती बोलू लागतात. याऐवजी दुसरा प्रश्न विचारता येतो: विखुरलेला प्रकाश किती वेगाने लुकलुकतो? हा प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

१८२७ साली वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांना पाण्यातल्या परागकणांमधून बाहेर पडलेले सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली अखंड थरथरताना दिसले. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी त्याचे कारण सांगितले: पाण्याचे रेणू कणाला सर्व बाजूंनी सतत धडका देतात. त्यातून एक उपयोगी सूत्र निघाले. कणाचा विसरण-गुणांक तापमानाच्या सम प्रमाणात असतो, तर द्रवाच्या श्यानतेच्या आणि कणाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात. सोप्या भाषेत, लहान कण चपळ आणि मोठा कण सुस्त. तापमान आणि श्यानता ठाऊक असेल तर कणाच्या चपळाईवरून त्याचा आकार सांगता येतो.

१५ नॅनोमीटरचा कण साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, मग त्याची चपळाई कशी मोजणार? येथे लेझर कामाला येतो. लेझरचा ठिपका पांढऱ्या भिंतीवर पाडला तर तो एकसारखा दिसत नाही. त्यात लहान लहान तेजस्वी आणि काळे दाणे दिसतात. भिंतीच्या निरनिराळ्या बिंदूंवरून परतलेले तरंग कुठे एकमेकांत भर घालतात, कुठे एकमेकांना खोडतात. या व्यतिकरणामुळे दाणे निर्माण होतात. भिंत स्थिर, म्हणून दाणेही स्थिर. पण प्रकाश विखुरणारे कण हलते असतील तर ते तरंगलांबीच्या लहानशा अंशाइतके सरकले तरी हिशेब बदलतो. तेजस्वी दाणा काळा होतो, काळा तेजस्वी होतो. कण चपळ असतील तर दाणे झरझर लुकलुकतात, सुस्त असतील तर संथपणे.

विद्यार्थ्यांनी हा हिशेब करून पाहावा. ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात १५ नॅनोमीटर व्यासाच्या कणाने जवळजवळ मागच्या दिशेने विखुरलेला लाल लेझर-प्रकाश साधारण ३० ते ४० मायक्रोसेकंदांत आपली जुनी ओळख विसरतो. वर पाहिलेल्या १०० रेणूंच्या पुंजक्याचा व्यास १०० च्या घनमुळाइतक्या, म्हणजे सुमारे साडेचार पटींनी मोठा. म्हणून तो साडेचार पट सावकाश लुकलुकणार. हजारो रेणूंचे मोठे पुंजके त्याहूनही सावकाश. भिंगात दाटी असल्याने प्रत्यक्ष आकडे वेगळे येतात, पण लहान-मोठ्यांचा क्रम बदलत नाही. वेगवान प्रकाशमापक आणि संगणक यांच्या मदतीने लुकलुकीतला वेगवान भाग किती आणि संथ भाग किती हे वेगळे करता येते. या पद्धतीला गतिक प्रकाश-विकिरण म्हणतात.

कलिलांपासून डोळ्यापर्यंत

ही कल्पना भिंगावर वापरता येते हे तोयोइची तनाका आणि बेनेडेक यांनी १९७५ सालीच दाखवले होते. त्यांनी माणसाच्या आणि गाईगुरांच्या अखंड भिंगांतील प्रथिनांचे विसरण लेझरने मोजले. पण प्रयोगशाळेतील मेजभर पसरलेली सामग्री आणि रुग्णापुढे ठेवण्याजोगे उपकरण यांत मोठे अंतर होते.

ते अंतर कमी होण्यास एक वेगळेच क्षेत्र उपयोगी पडले. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या क्लीव्हलंड येथील केंद्रात रफत अन्सारी हे शास्त्रज्ञ वजनरहित अवस्थेतील कलिलांचा अभ्यास करण्यासाठी छोटे, दणकट उपकरण तयार करत होते. कलिल म्हणजे द्रवात तरंगणारे अतिसूक्ष्म कण. दूध, शाई, रंग ही त्याची घरगुती उदाहरणे. अन्सारी यांच्या वडिलांना मोतीबिंदू झाला, तेव्हा भिंग हेही प्रथिनांचे कलिलच आहे आणि आपले उपकरण तिथेही चालेल, हे त्यांच्या लक्षात आले. त्या उपकरणात एका प्रकाशीय तंतूतून अतिशय क्षीण लेझर-किरण भिंगात जातो आणि दुसरा तंतू विखुरलेला प्रकाश गोळा करतो. दोघांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात तेवढ्या इवल्याशा जागेचीच माहिती मिळते. त्यामुळे भिंगाच्या गाभ्यावर नेमका नेम धरता येतो. मोजमाप काही सेकंदांत पुरे होते.

नासाला मोतीबिंदूत रस असण्याचे आणखी एक कारण होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मोतीबिंदू झालेले ३९ अंतराळवीर आढळले आणि त्यांतले ३६ जण अधिक किरणोत्साराच्या मोहिमांवर जाऊन आलेले होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेतील मॅन्युएल डॅटिलिस आणि अन्सारी यांनी मिळून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. ७ ते ८६ वर्षे वयाच्या लोकांचे ३८० डोळे तपासले होते. काहींची भिंगे स्वच्छ, काहींची बरीच गढूळ. विखुरलेल्या प्रकाशात मोकळ्या अल्फा क्रिस्टलिनचा वाटा किती यावरून एक निर्देशांक काढला होता. गढूळपणा जसा वाढला तसा हा निर्देशांक घसरला, हे अपेक्षितच होते. महत्त्वाचे निरीक्षण पुढचे आहे. ज्यांची भिंगे अजून पारदर्शक होती त्यांच्यातही वयाबरोबर निर्देशांक कमी होत गेलेला दिसला. म्हणजे डोळ्याला स्वच्छ दिसणाऱ्या भिंगात मामांची संख्या घटत असल्याचे प्रकाशाच्या लुकलुकीने सांगितले.

आधी कळून उपयोग काय?

येथे शिक्षकांच्या मनात एक रास्त शंका येईल. मोतीबिंदू थांबवणारे औषध आजही उपलब्ध नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. मग वीस वर्षे आधी कळवून माणसाला नुसती काळजीच लावायची का?

याचे उत्तर औषधाच्या शोधातच दडलेले आहे. मोतीबिंदू इतका सावकाश वाढतो की एखादे औषध त्याला रोखते की नाही हे ठरवायला शेकडो लोकांवर अनेक वर्षे नजर ठेवावी लागते. इतका वेळ आणि पैसा कोण घालणार? बिघाडाची सुरुवातच आकड्यांत मोजता आली तर हा काळ पुष्कळ कमी होऊ शकतो. चांगल्या मोजमापाची गरज पुढच्या घटनांनीही अधोरेखित केली. २०१५ साली लॅनोस्टेरॉल या पदार्थाने प्रथिनांचे पुंजके सुटतात असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगभर आशा निर्माण झाली. परंतु २०१९ साली दुसऱ्या संशोधकांनी प्रयोग केले तेव्हा भिंगे पुन्हा स्वच्छ झालेली आढळली नाहीत. आशा आणि वस्तुस्थिती यांतला निवाडा मोजमापच करू शकते.

दुसरा उपयोग कारणांच्या अभ्यासाचा. तीव्र उन्हात काम, धूम्रपान, मधुमेह यांचा भिंगावर होणारा परिणाम ते गढूळ होण्यापूर्वीच मोजता आला तर कोणता धोका किती मोठा हे लवकर सांगता येईल.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. मोतीबिंदू वाढल्यावर प्रकाश एकदा नव्हे तर अनेकदा विखुरतो आणि लुकलुकीचा अर्थ लावणे कठीण होते. डोळा हलला तर मोजमाप बिघडते. निरनिराळ्या आकारांचे कण मिसळलेले असताना त्यांचे वाटे वेगळे करणे हे गणितही नाजूक असते. म्हणून हे तंत्र मुख्यतः संशोधनात राहिले आहे; आपल्या गावच्या नेत्रशिबिरात ते दिसणार नाही. तिथे स्लिट लॅम्प आणि अनुभवी नजर यांचेच राज्य आहे, आणि नजर अधू झालेल्या रुग्णासाठी ते पुरेसेही आहे.

वर्गात करून पाहा

काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाका आणि अंधारात बाजूने विजेरीचा प्रकाश सोडा. बाजूने पाहता पाणी किंचित निळसर, तर विजेरीच्या समोरून पाहता विजेरी तांबूस दिसते. लहान कण निळा प्रकाश अधिक विखुरतात.

दुसरा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा. लेझर पॉइंटर कोणाच्याही डोळ्यावर जाणार नाही आणि परावर्तित किरण पुठ्ठ्यावरच पडेल अशी मांडणी करा. विद्यार्थी दुसऱ्या बाजूला उभे असावेत. लेझरचा ठिपका प्रथम कोऱ्या कागदावर पाडा. त्यात दाणे स्पष्ट दिसतील. मग तो वाटीतल्या दुधावर पाडा. दाणे जवळजवळ नाहीसे होऊन ठिपका गुळगुळीत दिसेल. दाणे तिथेही आहेत, पण ते इतक्या वेगाने बदलतात की आपल्या डोळ्याला त्यांची सरासरीच दिसते. आता त्याच दुधाला विरजण लावा आणि दुसऱ्या दिवशी वाटी न हलवता घट्ट लागलेल्या दह्यावर ठिपका पाडा. दाणे पुष्कळ अंशी परत आलेले दिसतील. प्रथिने एकमेकांत गुंतून जखडली गेली, त्यांची थरथर मंदावली. दूध आणि दही दोन्ही पांढरीच, म्हणून नुसता विखुरलेला प्रकाश मोजून त्यांतला फरक कळला नसता. तो दाण्यांच्या चंचलपणाने दाखवला. भिंगावरच्या मोजमापाचे सारे मर्म या दोन वाट्यांत आहे.

शेवटी एक सांगणे. भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतील अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. हे अंधत्व शस्त्रक्रियेने दूर होण्याजोगे आहे. त्यामुळे हा पाठ शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांना एक गृहपाठ जरूर द्यावा: घरात किंवा शेजारी कोणी मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहत बसले असेल, तर त्यांना वाट न पाहता डोळे तपासून घ्यायला सांगा.